बबिताचा दुसरा बाण

पैनगंगेचा पूल अजून लांब होता, ऊन डोक्यावर चढत होतं, आणि बबिता रस्त्याच्या कडेला मधेच उकिडवी बसली.

मला वाटलं, काटा गेला. पण काटा जायचा तर माझ्या पायात जायचा. नवरात्रात फुलसावंगीहून माहूरच्या गडावर रेणुकामातेला मी दरवर्षी अनवाणी जाते. बबिता चप्पल घालून माझ्यासोबत येते. तिचा नवस नाही, उपास नाही. "तुह्या पायातले काटे काढाले कोणी तं पायजे ना मैनाताई," म्हणते आणि उजाडायच्या आत दारात उभी राहते. एरवी वाटभर तिचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी मात्र निघाल्यापासून तिनं एक शब्द काढला नव्हता. मी आपली मनात आईचं नाव घेत चालत होते, म्हणून मला ते उशिरा लक्षात आलं.

"काय झालं वं? चप्पल तुटली काय?"

सागाची एक वाळकी काडी तिनं उचलली आणि डांबराच्या कडेच्या मऊ धुळीत मोठा गोल काढला. शेजारी दुसरा. डाव्या गोलात 'ब' लिहिलं. उजव्या गोलात एकाखाली एक, 'रा' आणि 'च'. ब पासून रा पर्यंत रेघ ओढली, टोकाला बाणाचं तोंड काढलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्याच ब पासून दुसरी रेघ निघाली आणि हळूहळू च पर्यंत गेली. काडी खाली ठेवून ती दोन्ही हात मांडीत घेऊन बसली.

मागून बायकांचा एक घोळका आईचा उदो उदो करत आला आणि आम्हाला वळसा घालून पुढे गेला. मी त्या रेघांकडे पाहत उभी. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. आणि मग जे लागलं त्यानं सकाळपासून भाजणारे माझे पाय एकदम गार पडले.

ते दोन गोल मला वाचता कसे आले, हे आधी सांगते.

मी दहावीपर्यंत शिकलेली, गावच्या मराठी शाळेत, गणितात काठावर पास. लग्नानंतर कापूस वेचणं, तूर निवडणं आणि देवाचं करणं, एवढंच. बबिता गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली, किसनसिंग राठोडांची एकुलती एक मुलगी. माझ्या नवऱ्याचं, मारोतरावांचं, आणि किसनभाऊंचं शेत धुऱ्याला धुरा लागून, म्हणून तिला मी लहानपणापासून पाहते. डोक्यावर पाण्याचा गुंड आणि तोंडानं पाढे, अशी यायची. तिची आई धुरपताबाई निरक्षर. पण अंगात घालायच्या जुन्या काचोळीवरच्या कवड्या आणि आरसे मोजायला लावून तिनंच पोरीला मोजणं शिकवलं. यवतमाळला वसतिगृहात राहून बबिता एम.एस्सी. झाली. तांड्यातली पहिलीच. परत आली ती आमच्या गावच्या ज्युनियर कॉलेजात, तासिका तत्त्वावर गणित शिकवायला. पोरं तिला भितात आणि तिच्याच मागं फिरतात. फळ्याकडे पाठ करून बोलताना खडू केसांत खोचते आणि मग वर्गभर खडू शोधते. जेवायला बसली की भाकरीसोबत हिरवी मिरची कचाकचा खाते आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की हसते. रागीट आहे. एकदा एका पालकानं 'मुलीले गणित कायले पायजे' म्हटलं, तर त्याला दारातूनच परत धाडलं.

गावात तिनं घेतलेल्या खोलीवर पत्रे आहेत, म्हणून संध्याकाळी ती पोरांना आमच्या ओसरीवर घेऊन बसते. माझी सलोनीही त्यांच्यातलीच, अकरावीला. पोरं शिकायची आणि मी कोपऱ्यात सूप घेऊन तूर निवडत बसायची. असं माझं गणित झालं.

बबिताचा एक नियम होता. कोणी 'कळलं' म्हणायचं नाही. "कळलं म्हणू नका. घरचं उदाहरण द्या." उदाहरण आलं नाही तर कळलं नाही.

त्या दिवशी तिनं ओसरीच्या फरशीवर खडूनं दोन गोल काढले होते. म्हणाली, "हे दोन संच. आता संबंध म्हणजे कसेही बाण. डाव्या गोलातल्या कोणालेही उजव्या गोलातल्या कोणाशीही जोडा. एकाचे दोन काढा, दहा काढा, कोणाचा काढूच नका. पण फलन म्हणजे शिस्त. डाव्या गोलातल्या प्रत्येकाचा बाण निघालाच पायजे, अन् एकाचा एकच निघाला पायजे. उजवीकडं एकाच्या अंगावर दहा बाण येऊ द्या, एखादा रिकामा राहू द्या, चालते. डावीकडं नाही चालत."

सलोनी म्हणाली, "मॅडम, माणूस आणि त्याचा फोन नंबर?"

"तुह्या बाबाचे नंबर किती?"

"दोन."

"मंग? फलन हाय का?"

"नाही."

"अन् माणूस आणि त्याचं जन्मगाव?"

"हो. सगळ्यांले एक असतेच, अन् दोन नसतात."

तांड्यातली अंजू, जिचं तोंड कधी गप नसतं, ती म्हणाली, "मॅडम, आपला बबलू पाहा ना. त्याचा एक बाण फुलसावंगीत हाय, अन् एक महागावात."

सगळी पोरं खिदळली. बबलू खाली मान घालून, "ए अंजे, गप बस ना बे!"

"म्हणजे बबलूचं फलन नाही," बबिता गंभीर तोंड करून म्हणाली. "अन् दोघींले कळलं तं बबलूच राहणार नाही."

मी सुपाआड हसले. हसू ओसरलं तेव्हा अंजूनंच विचारलं, "मॅडम, गोत्र?"

बबिताला इतका आनंद झाला की तिनं अंजूच्या पाठीत धपका घातला. "वा! हे पुस्तकात नाही." तिनं फरशी पुसली, नवे गोल काढले. डावीकडे तांड्यातली माणसं, उजवीकडे राठोड, चव्हाण, पवार, जाधव, आडे. "प्रत्येकाले गोत्र हायच. अन् एकच हाय, बापाचं. पक्कं फलन." पहिला बाण तिनं स्वतःचाच काढला, बबितापासून राठोडकडे. मग सांगितलं की ज्यांचे बाण एकाच ठिकाणी पडतात ते सारे भाऊ-बहीण. गाव कोणतंही असो, ओळख असो नसो. त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक करायची ती दुसऱ्या ठिकाणी बाण गेलेल्यांशी. "साऱ्या गोरमाटी बंजाऱ्यांची भावकी अन् सोयरीक या एका चित्रात हाय," असं म्हणून ती चित्राकडे अशी पाहत राहिली, जसं तिनंच ते सारं बसवलं.

मला ते आवडलं. आमच्यातही कूळ पाहिल्याशिवाय जमत नाही. पण ते असं दोन गोलांत मावतं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच पावसाळ्यात तिचं जमलं. तिशी ओलांडलेली पोरगी, किती स्थळं तिनं परत पाठवलेली. तांड्यातल्या बायका धुरपताबाईला टोचून बोलायच्या. हा मुलगा बादल चव्हाण, दिग्रसकडच्या तांड्यातला, यवतमाळला एसटीच्या आगारात मेकॅनिक. पाहायला आला, त्या संध्याकाळी बबिता माझ्या ओसरीवर येऊन पोट धरून हसली.

"मैनाताई, यानं मले पगार नाही इचारला, सैपाक नाही इचारला. म्हणे, तुम्ही शिकवता तेव्हा पोट्टे झोपतात काय? मी म्हणलं, नाही. तं म्हणे, मंग झालं. अन् म्हणे, मले गणित येत नाही मॅडम, पण नट कुठं सैल हाय थे आवाजावरून कळते."

"मंग तुहा सैल नट कळला का त्याले?"

"कळला असंल. बोलला नाही. म्हणून तं आवडला."

साखरपुड्याला मी होते. रिवाजाप्रमाणे तांड्याचे प्रमुख, डोंगरसिंग नायक, यांनी भर बैठकीत दोन्हीकडच्या गोत्रांची विचारणा केली. किसनभाऊ ताठ बसून म्हणाले, "राठोड." समोरून उत्तर आलं, "चव्हाण." नायक म्हणाले, जमते. आणि गूळ वाटला. बायकांत गूळ आला तेव्हा माझ्या शेजारी धुरपताबाईची धाकटी बहीण जमनी बसली होती. बबिताची मावशी. ती त्याच दिवशी तिच्या तांड्यावरून आली होती. मुलाचं नाव-गाव तिला तिथंच बसल्या बसल्या कळलं. गुळाचा खडा तिनं तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली आणला. पदराच्या टोकात बांधला. मी पाहिलं. मला वाटलं, नातवासाठी नेत असेल.

तर हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि समोर धुळीत ब पासून निघालेले दोन बाण.

"बबिता," मी म्हटलं. "हा ब म्हणजे तू?"

तिनं मान हलवली.

"रा म्हणजे राठोड. अन् हा च..."

ती माझ्याकडे पाहत राहिली. कधी पोरांकडे पाहते तशी, उत्तर त्यांच्याच तोंडून यावं म्हणून.

"चव्हाण? तुहा बाण चव्हाणाकडं कसा जाईन? तुहा बाप तं..." आणि मी तिथंच थांबले. किसनभाऊ डोळ्यांसमोर आले. मग जमनी आली, चव्हाणाच्या घरात दिलेली जमनी. तिची हनुवटी. हसताना एक भुवई वर जाते ती. मी स्वतः कितीदा म्हटलं होतं, पोरगी मावशीवर गेली म्हणून. पदरात बांधलेला गूळ आठवला.

"जमनीमावशी?"

बबितानं डोळे मिटून घेतले.

"अवो माय!" मी धुळीत बसले. नवसाची वाट आहे, सोवळं आहे, काही भान राहिलं नाही. सकाळपासून चाललेलं आईचं नाव तोंडातून कुठं गळून पडलं तेही कळलं नाही. रस्त्यानं गाड्या जात होत्या, कोणी तरी ट्रॉलीतून आम्हाला केळी देत होतं, मी हात पुढं केला आणि केळं घेतलंच नाही.

तेव्हा बबिता बोलली. त्या दिवसातला तिचा पहिला शब्द.

"मी तोंडातून काई काढलं नाही मैनाताई. तू वाचलं."

मग तिचा आवाज मोकळा झाला. साखरपुड्यानंतरच्या रविवारी ती तांड्यावर गेली होती. धुरपताबाई दुपारची सोयाबीनची पोती शिवत बसली होती. बसल्या बसल्या म्हणाली, तू पोट्ट्यांले शिकवते तरी काय, मलेही सांग ना एक डाव. आई कधी असं विचारत नसे. बबितानं चुलीतली राख आणून परसात पसरली, बोटानं दोन गोल काढले. आईच्या जुन्या काचोळीच्या गाठोड्यातून सुट्या कवड्या घेतल्या, एकेक कवडी म्हणजे तांड्यातलं एकेक माणूस. "ही मी," म्हणून एक कवडी डाव्या गोलात ठेवली आणि तिच्यापासून राठोडांच्या जागेपर्यंत रेघ ओढली. "एकाले एकच रेघ, याडी. दोन नाही, अन् बिनरेघेचं कोणी नाही."

याडी म्हणजे आई.

धुरपताबाई पाहत राहिली. सुई पोत्यातच अडकलेली. मग ती पुढं झुकली, त्याच कवडीवर बोट ठेवलं, आणि त्याच बोटानं दुसरी रेघ ओढली. राखेतून, सरळ चव्हाणांच्या जागेत.

"मी हासलो," बबिता म्हणाली. "म्हणलं, चुकली तू याडी, माही एकच. थे नाही म्हणाली. नुसती मान हलवली. अन् रेघ पुसू नाही देऊन राह्यली. माहा हात धरला."

"अन् काय बोलली?"

"येवढंच की सेवालाल महाराजांच्या झेंड्याखाली शपथ घेतली हाय, तोंडातून काढणार नाही म्हणून. कायची शपथ, कोणाची, काई नाही. मी लय इचारलं. अन् मंग माहा हात आपल्या डोक्यावर ठेवून मलेही तेच घ्याले लावलं. म्हणे, तुह्या तोंडातूनही निघाली नाही पायजे."

मी आजवर अशी शपथ पाहिली नव्हती. इतकी वर्षं तोंड बंद ठेवायचं, आणि एक दिवस बोटानं बोलायचं. शपथ मोडली का राहिली, हे ठरवणारी मी कोण. गडावर बसली आहे ती ठरवेल. पण मला त्या बाईचं बोट दिसत राहिलं. काय ताकद लागली असेल त्या एवढ्याशा रेघेला.

बाकीचं मला पुढे कळलं. आज साऱ्या तांड्याला माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. धुरपताबाईची कूस उजवली नव्हती. जमनीला मुलींवर मुलगी झाली, तेव्हा तिनं ओली बाळंतीण असतानाच पोर बहिणीच्या मांडीवर दिली. पोरीला कधी 'आपण दिलेल्या' असं वाटू नये म्हणून दोघी बहिणी, किसनभाऊ आणि त्या वेळचे नायक झेंड्याखाली उभे राहिले. ते नायक वारले. जमनीचा नवराही गेला. उरलेल्या तिघांनी शब्द इतका पाळला की तांड्यात ही गोष्ट कोणाला ठाऊकच राहिली नाही. गोत्र विचारायचा रिवाज ज्यासाठी आहे, नेमकं तेच त्या रिवाजाला दिसलं नाही.

आम्ही उठलो. बबितानं चपलेनं दोन्ही गोल पुसले. चालायला लागलो, पण माझी चाल गेली होती.

"किसनभाऊ काय म्हणते?" मी विचारलं.

"बा ले मी नुसती थे राख दाखवली. तं जोरानं ओरडला. गोत्र बापाचं, बाप मी, खतम! अन् बैल सोडाले गेला. बैल कवाचेच सुटले होते."

"मंग बरोबरच म्हणते ना थे. आमच्यात दत्तक दिलं का कूळ बदलते. मांडीवर बसली त्या घरची झाली."

"असंल."

"असंल काय? हायच. त्यांनी तुले वाढवलं, शिकवलं..."

"मंग याडीनं रेघ काहून ओढली?" ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "तिलेही मांडी माहीत हायच ना. अन् मावशीनं गूळ काहून नाही खाल्ला?"

गुळाचं तिलाही माहीत होतं. धुरपताबाईनंही पाहिलं असणार. ती बहिणीच्या समोरच बसली होती. इतके दिवस नवऱ्याचं म्हणणं तिनं मानलं असेल, मांडीचं गोत्र ते गोत्र. पण जिनं पोर दिली तिच्या हातातला गूळ तोंडाशी जाऊन परत आला, आणि मग तिला राहवलं नसेल.

पूल आला. खाली पैनगंगा भरून वाहत होती. एरवी मी पुलावर थांबून नदीला हात जोडते. त्या दिवशी अर्धा पूल ओलांडल्यावर आठवलं.

मी म्हटलं, "नाही सांगितलं तं? तिघं बोलत नाहीत. चवथी तू. नायकानं इचारलं, झालं, गूळ वाटला. कोणाचं काय वाईट होते त्यात?"

बबिता थांबली. कठड्याला पाठ लावून उभी राहिली. मला वाटलं, ओरडेल. पण ती वर्गात बोलते त्या आवाजात बोलली, आणि ते मला जास्त लागलं.

"मैनाताई, मी पोट्ट्यांले सांगतो, एकाचे दोन बाण दिसले तं एक लपवून फलन हाय म्हणू नका. आधी दोन्ही मांडा. मंग पाहा. कदाचित बा म्हणते थेच खरं असंल. कदाचित पंच म्हणतील, मांडीचंच गोत्र. मलेही तेच पायजे, काई खोटं नाही सांगत. एक बाण पुसाचाच असंल तं पुसू. पण बादलच्या देखत पुसू. उद्या लग्न झाल्यावर कोणाच्या बोटानं त्याले कळलं तं? अन् थो 'च'चा बाण राहिला, तं मी त्याची कोण लागतो, माहीत हाय ना तुले?"

माहीत होतं. मी तोंडानं म्हटलं नाही.

"ज्या माणसाले नवरा म्हणून पाह्यलं, त्याले राखी बांधाची काय?" ती म्हणाली आणि तोंडावरून ओढणी फिरवली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही नीट पाहिलं नाही, मी नदीकडे तोंड केलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बादल. नवरात्र म्हणून तो आईला घेऊन मोटरसायकलनं गडावर येणार होता, हे ठरलेलंच होतं. मला ते तोवर आठवलं नव्हतं. तिनं फोन कानाला लावला. त्याचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता.

"कुठवर आल्या मॅडम? चालून राह्यल्या का रस्ता मोजून राह्यल्या?"

"पुलावर हाव."

"आई उपासाचे वडे घेऊन बसली हाय, मले हात लावू देऊन नाही राह्यली. म्हणे, सून आल्याशिवाय नाही. लवकर या हो, भूक लागली."

"येतो," बबिता म्हणाली आणि फोन ठेवला. मग फोनच्या बंद काचेकडे पाहत राहिली.

"त्याले काय वाटलं असंल?" तिनं विचारलं. "आवाज सैल वाटला असंल काय माहा?"

मी तिचा हात धरला. पुढची वाट आम्ही तशीच हात धरून चाललो, मी अनवाणी आणि ती चप्पल घालून. मला देवीला काय मागावं तेच कळेना. दरवर्षी मी घरच्यांचं मागते, पिकाचं मागते. त्या दिवशी जे मागायला जाई ते अर्ध्यात थांबे. हे जमू दे म्हणावं, तर ते बरोबर का? मोडू दे म्हणावं, तर ही पोर? शेवटी मी काहीच मागितलं नाही. आई, तू पाहा, एवढंच म्हटलं.

गडाच्या खाली पोचलो तेव्हा गर्दी फुलली होती. हळद-कुंकवाची, बांगड्यांची, तांबूल कुटून देणाऱ्यांची दुकानं. पायऱ्यांच्या तोंडाशी बादल दिसला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातानं आईवर सावली म्हणून टॉवेल धरलेला. मेकॅनिकचा हात, नखांत काळं राहिलेलं. आम्ही त्याला दिसलो नव्हतो. म्हातारी मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहत होती.

बबितानं मला एका नारळाच्या दुकानाआड ओढलं.

"मैनाताई, ऐक. माह्या डोक्यावर शपथ हाय. अन् गोल काढून दाखवले तं त्याले वाचता येणार नाही. त्याले कोणी शिकवलं?"

मी दुकानाआडून बादलकडे पाहिलं.

"तुले कोणी शपथ नाही घातली. तू सांग त्याले. आईले बाजूले नेऊन नको, दोघांले सोबतच सांग, सारं सांग. मावशीचं नाव घेऊन. काई कमी नको करू. अन् एक कर." तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. "सांगताना मले पाणी आणाले नको पाठवू. नारळ आणाले नको पाठवू. मले तिथंच उभी राहू दे. त्याचं तोंड मले पाहू दे."